पिठा, गुत्ता आणि परमिट रूम
(शताब्दी व्याख्यानमालेतील व्याख्यानाची संहिता)



ग्रंथालयाच्या व्यासपीठावरून मद्यालयांचा इतिहास सांगणे औचित्याला धरून आहे काय, असा प्रश्न कोणाच्या मनात आला असेल तर तो अगदीच अस्थानी नाही. त्यातून हे व्यासपीठ बडोद्याचे, म्हणजे कायद्याने कोरड्या असलेल्या प्रांतातले. परंतु मराठी वाङ्मयाचा आणि मद्याचा संबंध सांगू लागले की हेच शहर पुन:पुन्हा समोर येते. गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ गंधर्व नाटक मंडळीने प्रथम रंगभूमीवर आणले ते फेब्रुवारी १९१९ मध्ये, आणि आणले ते बडोद्यात. नाटककार त्याच्या आदल्याच महिन्यात निवर्तले होते. उमर खय्यामच्या रुबाया मूळ फार्सीवरून मराठीत आणणारे आणि ‘द्राक्षकन्या’ हे नाव मराठी वाचकाच्या ओठी बसवणारे माधव जूलियन जन्माने बडोद्याचेच. तेव्हा विषय मुंबईच्या जुन्या मद्यालयांचा असला तरी तो इथल्या श्रोत्यांना परका वाटण्याचे कारण नाही.

प्रारंभ शब्दांपासून करणे सोयीचे. दारू विकली आणि प्याली जाते त्या जागेला मराठीत अनेक नावे आहेत. त्यांतले ‘गुत्ता’ हे नाव मुळात दारूचे नाहीच. गुत्ता म्हणजे मक्ता, ठेका. सरकारकडून ठरावीक रकमेला दारू विकण्याचा हक्क घ्यायचा आणि मग ती रक्कम गिऱ्हाइकाकडून वसूल करायची, या व्यवहाराचे नाव पुढे त्या व्यवहाराच्या जागेला चिकटले. ‘पिठा’ हा शब्द मुंबईत गुजरातीच्या सोबतीने नांदला. पारशांतले ‘पीठावाला’ हे आडनाव त्याचीच खूण आहे. दारूवाला, ताडीवाला, बाटलीवाला ही त्याच कुळातली इतर आडनावे. एखाद्या समाजाने आपला धंदा इतक्या उघडपणे आडनावात मिरवावा, यावरून त्या काळी त्या धंद्याला किती प्रतिष्ठा होती हे कळते. आणि तिसरा शब्द ‘परमिट रूम’. हा तर शुद्ध सरकारी कचेरीतला शब्द. गुत्त्यात मक्तेदार दिसतो, पिठ्यात व्यापारी दिसतो, परमिट रूममध्ये दिसतो तो सरकारी शिक्का. मुंबईच्या मद्यालयांचा तीन शतकांचा इतिहास या तीन शब्दांत जवळजवळ पुरा येतो.

मुंबई बेटांवर इंग्रज येण्यापूर्वीपासून ताडामाडांची दाट बने होती. ताडदेव, माझगावची ताडवाडी ही नावे आजही त्यांची आठवण देतात. या झाडांवर चढून रस काढणारा समाज भंडाऱ्यांचा. पहाटे आणि सायंकाळी कमरेला कोयता व मडके अडकवून झाडावर चढायचे, पोगीला बारीक काप द्यायचा, रात्रभर ठिबकलेला रस उतरवायचा. सूर्य वर येण्याआधी उतरवली ती नीरा, उन्हे चढली की तीच ताडी. आणि झाड माडाचे असेल तर माडी. नीरा आणि ताडी यांच्यात अंतर केवळ काही तासांचे आहे, ही निसर्गाची गोष्ट पुढे दारूबंदीच्या अधिकाऱ्यांना फार डोकेदुखीची ठरली. याच भंडाऱ्यांची शिबंदी सतराव्या शतकात गव्हर्नर ऑंजियर याने शहराच्या रक्षणासाठी उभी केली. मुंबईच्या पोलिसदलाचा इतिहास तिच्यापासून सांगतात. म्हणजे ताडी काढणारे हात आणि शहराची राखण करणारे हात आरंभी एकच होते.

इंग्रज खलाशी आणि सोजीर यांच्यासाठी किल्ल्याच्या परिसरात जी मद्यगृहे निघाली त्यांना ‘पंच हाउस’ म्हणत. पंच हे पेय अरक, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला अशा पाच पदार्थांचे, आणि ‘पंच’ हे नाव आपल्या ‘पाच’वरूनच गेले असे परंपरेने मानले जाते. भाषाशास्त्रज्ञांत त्याविषयी वाद आहे. पण आपल्या संख्यावाचकाने विलायतेच्या मेजवान्यांत जागा मिळवली ही कल्पना सोडवत नाही हेही खरे.

या सगळ्या सैल व्यवहाराला आवळले ते १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने. तोवर गावोगावी लहानलहान भट्ट्या होत्या. या कायद्याने मद्य गाळण्याचा अधिकार मोजक्या मोठ्या भट्ट्यांकडे गेला, तिथून निघणाऱ्या प्रत्येक गॅलनवर जकात बसली, रस काढावयाच्या प्रत्येक झाडावर कर आला आणि विक्रीच्या हक्काचे लिलाव होऊ लागले. मुंबईला लागणारी मोहाची दारू प्रामुख्याने खाडीपलीकडे उरणला गाळली जाई. तिथल्या भट्ट्या बव्हंशी पारशी मालकांच्या. आणि तिथे लागणारे मोहाचे फूल येई ते पंचमहालातून, म्हणजे बडोद्याच्या अगदी शेजारून. गोध्र्याचे फूल, उरणची भट्टी आणि गिरगाव-परळचा पिठा अशी ही साखळी होती. तिच्या आड कोणी येऊ नये म्हणून १८९२ मध्ये खास मोहाच्या फुलांसाठी वेगळा कायदा झाला व ठाणे-कुलाब्याकडे ही फुले आणणे, साठवणे यांवर निर्बंध आले. जी फुले आदिवासी उन्हाळ्यात खाऊन राहत, ती घरात सापडणे गुन्हा ठरू शकले. सरकार दारू थांबवीत नव्हते, आपल्या दारूला स्पर्धा थांबवीत होते.

अबकारी उत्पन्न हे मुंबई इलाख्याच्या तिजोरीचे जमीन महसुलाच्या जोडीचे मोठे अंग बनले. हा मुद्दा लक्षात ठेवायला हवा, कारण पुढचे सारे राजकारण त्याभोवती फिरते. १८८० मध्ये जोतीराव फुले यांनी पुणे नगरपालिकेकडे वाढत्या दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली. १९०८ मध्ये टिळकांच्या पाठिंब्याने पुण्यात दारूच्या दुकानांवर स्वयंसेवकांची निरोधने झाली. फुले आणि टिळक यांची मते ज्या थोड्या विषयांवर जुळतात त्यांतला हा एक. रंगभूमीही मागे नव्हती. खाडिलकरांच्या ‘विद्याहरणा’त (१९१३) शुक्राचार्यांचे मद्यपान आणि त्याग हा गाभ्याचा विषय आहे, आणि ‘एकच प्याला’तील तळीरामाचे ‘आर्यमदिरामंडळ’ म्हणजे तर मराठी साहित्यातले सर्वांत प्रसिद्ध मद्यालय. गंमत अशी की प्रेक्षक सिंधूसाठी रडला आणि हसला मात्र तळीरामासाठी. नाटककाराचा उपदेश एका बाजूला आणि त्याची प्रतिभा दुसऱ्या बाजूला, असे काहीसे तिथे झाले आहे. तरीही सिंधूच्या जात्याचा आवाज विसरून मद्यालयांविषयी बोलणे हा अप्रामाणिकपणा होईल. मद्यालयांच्या आठवणी लिहिणारे बहुधा पुरुष असतात आणि त्या संध्याकाळी घरी कोण वाट पाहत होते हे त्या आठवणींत येत नाही.

साहेबांची मुंबई वेगळीच होती. १८३३ चा भायखळा क्लब, १८४६ चा यॉट क्लब, १८७५ चे जिमखाना यांच्या बारमध्ये एतद्देशीयांना सभासद म्हणून प्रवेश नव्हता. या भेदाला उत्तर म्हणून विलिंग्डन क्लब निघाला तो पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस. काळ्या घोड्याजवळचे वॉटसन हॉटेल हे ओतीव लोखंडाच्या सांगाड्याचे, आणि त्याचे लोखंड विलायतेतून आलेले. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिए बंधूंची चलच्चित्रे हिंदुस्थानात प्रथम दाखवली गेली ती याच इमारतीत. ‘ताज’ १९०३ मध्ये उघडले आणि त्यातला ‘हार्बर बार’ १९३३ मध्ये. मुंबईतला पहिला परवानाधारक बार तो हाच, असे सांगितले जाते. कुलाब्याच्या रस्त्यावर इराण्यांनी १८७१ मध्ये काढलेले ‘लिओपोल्ड’ आरंभी तेलाचे दुकान होते, हळूहळू ते उपाहारगृह झाले.

गिरणगावातला मद्यव्यवहार या साऱ्याहून निराळा. लालबाग-परळच्या चाळींत एकेका खोलीत पाळीपाळीने झोपणारा कोकणातला, घाटावरला कामगार, बायको गावी, बारा-बारा तास साच्यावर उभे राहणे. त्याला घराबाहेर बसावयास जागा दोनच, एक भजनी मंडळाची आणि दुसरी ताडीच्या दुकानाची. काहींचे पाय दोन्हीकडे वळत. ‘नवटाक’ हे अर्ध्या पावशेराचे जुने माप इथे दारूच्या पेल्याचे नाव झाले. वजनामापांचे दशमान कायदे आले तरी हे माप बोलीत टिकले, यातच त्याचे स्थान कळते.

१९३७ मध्ये बाळासाहेब खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ सत्तेवर आले तेव्हा दारूबंदीचे वचन त्याच्या गळ्यात होते. अडचण एकच. प्रांतिक सरकारच्या ताब्यातले शिक्षणासारखे खाते ज्या उत्पन्नावर चालत होते त्यात अबकारीचा वाटा मोठा होता. मुलांच्या शाळा दारूच्या पैशावर चालाव्यात ही गोष्ट गांधीजींना लाजिरवाणी वाटे. १९३७ च्या वर्धा परिषदेत त्यांनी स्वावलंबी शिक्षणाची, म्हणजे ‘नई तालीम’ची, जी योजना मांडली तिच्यामागे हेही एक कारण होते. आज शिक्षणशास्त्राच्या वर्गात नई तालीम शिकवताना ताडीच्या दुकानाचा उल्लेख कोणी करीत नाही, पण तो करायला हवा.

१ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात दारूबंदी आली. ती आणणारे अबकारी मंत्री डॉ. मंचेरशा गिल्डर हे स्वतः पारशी होते आणि नामांकित हृदयरोगतज्ज्ञ होते. बुडणारे उत्पन्न भरून काढण्यासाठी शहरातल्या स्थावर मालमत्तेवर दहा टक्के कर बसला. पारशी समाजाला दुहेरी झळ लागली, कारण दुकानेही त्यांची आणि इमारतीही त्यांच्या. शिवाय त्यांच्या घरगुती व धार्मिक चालीरीतींत मद्य निषिद्ध नव्हते. आपल्याच माणसाने आपल्यावर हे आणले म्हणून डॉ. गिल्डर यांना ज्ञातीचा रोष सोसावा लागला. त्यांच्या मताशी सहमत न होणाऱ्यानेही त्यांच्या धैर्याची दाद द्यावी असा हा प्रसंग आहे. पण महायुद्ध सुरू झाले, नोव्हेंबरात मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि तो प्रयोग ढिला पडला.

खरी दारूबंदी आली ती स्वातंत्र्यानंतर. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, आणि १६ जून १९४९ पासून ‘मुंबई दारूबंदी अधिनियम’ अंमलात आला. गृहमंत्री मोरारजी देसाई यांच्या आग्रहाने ६ एप्रिल १९५० पासून संपूर्ण दारूबंदी झाली. म्हणजे महाराजांच्या राज्यातून बाहेर पडून दीड महिना होतो न होतो तोच बडोदेकर आणि मुंबईकर एकाच दारूबंदी कायद्याखाली आले.

या कायद्याला आव्हान दिले ते फ्राम नसरवानजी बलसारा या मुंबईच्या पारशी गृहस्थांनी. त्यांची मागणी साधी होती. व्हिस्की, ब्रँडी, वाइन, बिअर, औषधी वाइन आणि ओ-द-कोलन बाळगण्याचा व वापरण्याचा आपला हक्क मान्य व्हावा. सर्वोच्च न्यायालयाने २५ मे १९५१ रोजी निकाल दिला. कायदा बहुतांशी वैध ठरला, मात्र मद्यार्कयुक्त औषधे आणि प्रसाधने यांवरची बंदी अवाजवी म्हणून रद्द झाली. घटनेच्या अभ्यासकांना हा निकाल परिचित आहे. परंतु त्यातला एक भाग ग्रंथालयाच्या सभासदांनी विशेष ध्यानात ठेवावा असा आहे. मूळ कायद्याने मादक पदार्थाची ‘प्रशंसा’ करणे हादेखील गुन्हा ठरवला होता. न्यायालयाने तेवढा भाग भाषणस्वातंत्र्याच्या विरुद्ध म्हणून काढून टाकला. तो तसाच राहता तर खय्यामच्या रुबाया शेल्फावर ठेवणाऱ्या ग्रंथपालाची स्थिती काय झाली असती, हा विचार करमणुकीचा खरा, पण अगदी निराधार नव्हे.

कायद्याने पिठे बंद झाले, पिणे बंद झाले नाही. मुंबईच्या सांस्कृतिक इतिहासात इथे एक नवे पात्र प्रवेश करते, ते म्हणजे ‘आंटी’. धोबीतलाव, वांद्रे अशा ख्रिस्ती वस्त्यांत कुणा विधवेच्या वा एकट्या पडलेल्या बाईच्या घराची पुढची खोली सायंकाळी मद्यालय होई. भिंतीवर येशूची तसबीर, कोपऱ्यात मेणबत्ती, दोनतीन बाके, उकडलेली अंडी आणि चणे, आणि नाक्यावर पोलिसांची चाहूल घेणारे पोरगे. हिंदी चित्रपटांनी या आंटीची पुढे थट्टा केली. पण ती बाई कशासाठी हे करीत होती, मुलांच्या शाळेच्या फीसाठी की घरभाड्यासाठी, हे सांगणारे लेखन मराठीत तुरळकच झाले. त्याच काळात धारावी-शीव बाजूच्या खाडीकाठी हातभट्ट्यांचा मोठा धंदा उभा राहिला, आणि त्यातून वरदराजन मुदलियारसारखे टोळीप्रमुख वर आले. फ्रेंच पॉलिश पिऊन आंधळी झालेली वा दगावलेली माणसे ही वर्तमानपत्रांची नित्याची बातमी झाली. दारूबंदीने गुन्हेगारीला भांडवल पुरवले हे विधान आता सर्वमान्य आहे आणि ते खरेही आहे. तेवढ्यावरून दारूबंदीची मागणी करणारे फुले चुकले होते असे मात्र सिद्ध होत नाही. त्यांची तक्रार लोकांच्या व्यसनातून आपली तिजोरी भरणाऱ्या सरकारविरुद्ध होती, आणि ती तिजोरी पुढे पुन्हा भरू लागली.

कायद्याला एक फट मात्र होती, आणि ‘परमिट रूम’चा जन्म तिच्यात आहे. ज्याला आरोग्यासाठी मद्य आवश्यक असेल त्याला डॉक्टरी दाखल्यावर परवाना मिळे. परदेशी पाहुण्यांना तो सहज मिळे. हॉटेलातल्या ज्या खोलीत असा परवानाधारक बसून पिऊ शकत असे तिला परवान्याची खोली, म्हणजेच परमिट रूम, म्हणू लागले. पन्नासच्या दशकात मुंबईतले कितीतरी सुखवस्तू गृहस्थ एकाएकी अशा व्याधींनी ग्रासले की ज्यांवर औषध एकच होते.

१ मे १९६० रोजी राज्याची वाटणी झाली आणि हाच एक कायदा दोन्ही वारसांकडे गेला. गुजरातने तो गांधीजींच्या जन्मभूमीचा वारसा म्हणून कडकपणे सांभाळला. महाराष्ट्राने तो न मोडता वाकवला. वसंतराव नाईक यांच्या कारकीर्दीत साठच्या दशकापासून परवाने सैल होत गेले. १९७३ मध्ये देशी मद्याचे स्वतंत्र नियम झाले आणि परवानाधारक देशी दारूची दुकाने चालू झाली; ‘संत्रा’, ‘मोसंबी’ अशी फळांची निरागस नावे त्या बाटल्यांवर आली. डॉक्टरी दाखल्याची अट गळाली, पण परवाना गळाला नाही. वार्षिक परवाना, आजीव परवाना आणि एका दिवसाचा परवाना अशी त्याची रूपे राहिली. एका दिवसाच्या परवान्याचे शुल्क वर्षानुवर्षे देशीसाठी दोन रुपये आणि विदेशीसाठी पाच रुपये असे होते. महाराष्ट्राने या कायद्याचे नाव बदलले ते २०१२ मध्ये, आणि तेव्हाही ‘दारूबंदी’ हा शब्द कायम ठेवून. ज्या राज्याला मद्यापासून हजारो कोटींचा महसूल मिळतो त्या राज्याचा मद्याविषयीचा मूळ कायदा आजही दारूबंदीचा आहे.

परमिट रूम ही मुंबईची स्वतःची निर्मिती आहे. विलायती पबची ती नक्कल नव्हे आणि गोव्याच्या ताव्हेर्नाशीही तिचे नाते दूरचे. तिचा आरंभ पुष्कळदा इराण्याच्या हॉटेलात झाला. सत्तरीनंतर चहा-ब्रून मस्क्यावर कोपऱ्यावरच्या मोठ्या जागेचे भागेना, तेव्हा अनेक इराण्यांनी बिअरचा परवाना घेतला; इतरांनी जागा उडुपी-मंगळूरकडच्या शेट्टींना दिली. इराण्याची बेन्टवुडची खुर्ची आणि संगमरवरी मेज गेले, रेक्झीनचे सोफे आले. भर दुपारीही आत संध्याकाळ वाटावी असा तांबूस उजेड, काळी काच, वर पोटमाळ्यावर ‘फॅमिली रूम’ आणि पडद्यापलीकडे चढ्या दराचा वातानुकूलित भाग. गल्ल्यामागे देवाची तसबीर आणि तिच्या शेजारी हार घातलेला मालकाच्या वडिलांचा फोटो. मेजावर न मागता येणारा चखणा, म्हणजे कांदा-लिंबू लावलेले शेंगदाणे, उकडलेले चणे, काकडीच्या मीठ लावलेल्या चकत्या. ‘क्वार्टर’, ‘हाफ’ आणि ‘खंबा’ ही मापांची भाषा. दहा-दहा वर्षे एकाच मेजावर वाढणारा वेटर, ज्याला गिऱ्हाइकाची सोड्याची आवडही माहीत असते आणि महिनाअखेरही कळते. २ ऑक्टोबरला आणि आषाढी एकादशीला शटर खाली. त्याच्या आदल्या संध्याकाळी मात्र बसायला जागा नाही.

इथे येणारा माणूस कोण? मंत्रालयातला लिपिक, बँकेतला खजिनदार, छापखान्यातला जुळारी, संपानंतर नोकरी गेलेला गिरणी कामगार. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपाने सुमारे अडीच लाख कामगारांचे जीवन उलटेपालटे केले, आणि गिरणगावातल्या देशी बारच्या बाकांवर त्या उद्ध्वस्ततेची गर्दी दिसू लागली. त्या बाकांवरच्या माणसांना रोमांचक ठरवणे हा पांढरपेशा लेखकांचा दोष आहे. नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ने (१९७२) तो दोष केला नाही, त्या संग्रहाच्या नावातही ‘पिठा’ आहे, आणि तो मुंबईतल्या खऱ्याखुऱ्या वस्तीचा आहे. काळ्या घोड्यासमोरच्या ‘वेसाइड इन’ या उपाहारगृहात अरुण कोलटकर वर्षानुवर्षे ठरलेल्या मेजावर बसत आणि खिडकीतून दिसणारा चौक त्यांच्या इंग्रजी कवितांत उतरला. ‘वेसाइड’ पुढे बंद झाले. २००४ मध्ये कोलटकर गेले आणि त्याच वर्षी ‘काळा घोडा पोएम्स’ प्रसिद्ध झाला.

डान्सबारचे प्रकरण इथे थोडक्यात सांगितलेले बरे, कारण त्यावर गरजेपेक्षा जास्त बोलले गेले आहे. २००५ मध्ये राज्य सरकारने बंदी घातली, पण मोठ्या तारांकित हॉटेलांना वगळले. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ती रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो निकाल कायम केला, आणि २०१९ मध्ये नव्या कायद्याच्या जाचक अटीही सैल केल्या. दरम्यान त्या मुलींचे काय झाले, याची विचारपूस बंदी घालणाऱ्यांनी केली नाही आणि बंदी उठवणाऱ्यांनीही फारशी केली नाही.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री लिओपोल्डवर गोळीबार झाला. माणसे मेजावरच मृत्युमुखी पडली. काही दिवसांतच ते पुन्हा उघडले, आणि भिंतीवरच्या गोळ्यांच्या खुणा मालकांनी तशाच ठेवल्या.

सिंधूच्या लेकींची बाजूही या कायद्याच्या पोटात कुठेतरी शिल्लक आहे. महाराष्ट्रात गावाला वा प्रभागाला मतदानाने दारूचे दुकान बंद करता येते. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही कळावे अशी ही योजना. ‘बाटली आडवी झाली’ हा वाक्प्रचार गेल्या काही दशकांत मराठीला मिळाला, तो कोणा साहित्यिकाने दिलेला नाही. दुसऱ्या बाजूला चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ पासून आलेली दारूबंदी २०२१ मध्ये उठवली गेली, आणि तिथे ना समर्थकांचे समाधान झाले ना विरोधकांचे.

विषारी दारूने मात्र कोरडा प्रांत आणि ओला प्रांत असा भेद केलेला नाही. १९८९ मध्ये बडोद्यात शंभरावर माणसे दगावली. २००९ मध्ये अहमदाबादेत तसेच झाले. २००४ मध्ये विक्रोळीला आणि २०१५ मध्ये मालवणीला, जिथे परवान्याची दुकाने हाकेच्या अंतरावर होती तिथेही, गरीब माणूस स्वस्त म्हणून तेच विष प्यायला. बंदी असलेल्या राज्यात तो चोरून पितो आणि बंदी नसलेल्या राज्यात कर परवडत नाही म्हणून चोरटी पितो, एवढाच काय तो फरक.

१४ जुलै २०२५ रोजी महाराष्ट्रातील परमिट रूमचालकांनी वाढत्या करांच्या निषेधार्थ एक दिवस आपली दुकाने बंद ठेवली. इकडे गुजरातने डिसेंबर २०२३ मध्ये गांधीनगरच्या गिफ्ट सिटीपुरती बंदी शिथिल केली. इतरत्र आरोग्याच्या कारणासाठी, वैद्यकीय मंडळाच्या शिफारशीने मिळणारा परवाना आहे. काही हॉटेलांतल्या दुकानांत तो दाखवून ठरीव प्रमाणात बाटल्या मिळतात. मुंबईच्या परमिट रूममध्ये एका दिवसाच्या परवान्यांचे पुस्तक गल्ल्याखाली पडलेले असते, आणि त्यात कोणाचे नाव लिहिले जाते याची गिऱ्हाइकाला सहसा वार्ताही नसते. १९४९ चा कायदा आता दोन राज्यांत दोन नावांनी नांदतो, पण दोन्हीकडचा परवाना मद्याची गरज सांगतो ती आरोग्याच्याच नावाने.